मेलेल्या लाइनचं दुसरं टोक

१

कामावर असताना मामा आणि मी पाइपावर ठोके देऊन बोलतो. बोलायचो, असं म्हणायला हवं.

नळकाम करणारी दोन माणसं एका जागी क्वचितच असतात. एक न्हाणीघरात, दुसरा लांब चेंबरपाशी, आणि मधे धूळ पसरू नये म्हणून लावून घेतलेली दारं. मामाचा फोनवर विश्वास नाही. "फोन वरच्या खिशातून निसटतो आणि थेट संडासात जातो. पाइप कुठे जात नाही," असं तो म्हणतो. म्हणून एक ठोका म्हणजे पाणी सोड. तीन म्हणजे थांब. दोन म्हणजे नुसतं 'आहे मी'. एकाने दोन दिले की दुसऱ्यानेही दोन द्यायचे.

मला ही पद्धत फार सोयीची होती. मी आठवीत शाळा सोडली त्याला बरीच कारणं होती, पण मास्तरांनी उभं केलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, हेही एक होतं. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं की मी पाना शोधायला खाली वाकतो. मामा मला मौनीबाबा म्हणतो. आई गेल्यापासून मी त्याच्याकडेच आहे. त्याने लग्न केलं नाही आणि मला दुसरं कुणी नाही.

त्याचं उजवं मनगट एकदा मोडलं आणि वाकडं जुळलं. त्यामुळे तो पान्याने दोन ठोके देऊन हात मागे घेतो तेव्हा पाना पाइपाला पुन्हा हलकेच लागतो. टक, टक... टिक. त्याला ते कधी टाळता आलं नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, तुझ्या ठोक्याला शेपूट आहे."

"माकडाचा मामा आहे मी," तो म्हणाला. "शेपूट असणारच."

२

हे सगळं घडलं ते घर बैठं होतं, आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक खोली. रस्त्याकडे काकांची, म्हणजे घरमालकांची खोली, तिला लागून न्हाणीघर, त्याच्या कडेने मागे जाणारा अरुंद बोळ, स्वयंपाकघर आणि शेवटी अडगळीची खोली. काका एके काळी बसमध्ये कंडक्टर होते. पाय लुळे पडल्यापासून ते चाकाच्या खुर्चीत होते. त्यांची मुलगी इस्पितळात नर्स होती, ती सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची.

खुर्ची बोळातून जेमतेम जायची, पण न्हाणीघरात जात नव्हती. दार रुंद करायचं, संडासाचं जुनं भांडं उखडून समोरच्या भिंतीला कमोड बसवायचा आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावायचे, असं ठरलं होतं. भांड्याची जागा हलली की मैल्याची लाइनही हलते. नवी लाइन आम्ही भिंतीतून बाहेर काढून अंगणातल्या नव्या चेंबरला जोडणार होतो.

"लवकर उरका रे बाबांनो," काका खुर्चीतून म्हणाले. "पोरीला रोज माझं भांडं उचलावं लागतं. जन्मभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत आलो, आता मलाच चार फूट सरकता येईना."

नव्या पाइपाला ढाळ द्यायला मी जमीन खणत होतो तेव्हा छिन्नी लोखंडावर आपटली. खाली आणखी एक पाइप निघाला. बिडाचा, चार इंची, घराच्या मागच्या अंगाला गेलेला. त्याच्या तोंडात लाकडाचा दट्ट्या ठोकून बसवला होता. साधा नव्हे, चांगला चार बाजूंनी पाचरी मारून.

"घर बांधलं तेव्हाची लाइन असेल," मामा म्हणाला. "तेव्हा मैला मागे खड्ड्यात जायचा. मग गावाची गटार आली आणि ही मेली. पण बुजवणारा अर्धवट होता. मेलेली लाइन दोन्ही टोकांनी बुजवायची असते. एकच टोक बुजवलं तर ती अर्धी जिवंत राहते. उंदीर, झुरळं, सगळं येतं तिच्यातून." मला दट्ट्या काढायला सांगून तो दुसरं टोक शोधायला मागे गेला.

दट्ट्या निघायला वेळ लागला. आतून वास आला नाही, याचंच मला नवल वाटलं. नुसती गार हवा येत होती, नुकत्याच धुतलेल्या फरशीसारखी. मामाला मागे आवाज कुठे येतो ते कळावं म्हणून मी पाइपावर दोन ठोके दिले.

एक श्वास घ्यावा एवढ्या वेळाने उत्तर आलं. टक, टक. स्पष्ट, नीट दोन ठोके.

मी समाधानाने दट्ट्या बाजूला ठेवत होतो, तोच मामा समोरच्या दाराने आत आला. हातात प्लास्टिकच्या पाइपाचे दोन बेंड होते. "मागे काही सापडेना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आलो," तो म्हणाला. "असा काय बघतोस?"

मी पाना शोधायला खाली वाकलो.

३

आधी मला काकांची शंका आली. ते दिवसभर एकटे, कंटाळलेले. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर काठी आपटली तरी आवाज पाइपात उतरला असता. मी दारात जाऊन उभा राहिलो. दोनदा घसा साफ केला.

"बोल की," काका म्हणाले. "तिकीट काढायचंय का?"

"तुम्ही... भिंतीवर वाजवलं का?"

"मी? मी कशाला वाजवू?" मग त्यांनी फरशीकडे बोट दाखवलं. "तो खालचा आवाज म्हणतोस होय. येतो कधीकधी. पोरगी म्हणते उंदीर आहेत. मी म्हणतो, घराचेही सांधे दुखत असतील, माझ्यासारखे."

मला बरं वाटलं. लोखंड तापतं, निवतं, कडकडतं, हे मलाही ठाऊक होतं. आणि लांब पाइपात आवाज जातो तसा परतही येतो. तो प्रतिध्वनी असणार.

दुसऱ्या दिवशी मामा बाहेर चेंबरच्या विटा रचत होता तेव्हा मी पाइपाशी बसलो. एक ठोका दिला, एक आला. तीन दिले, तीन आले. मग एक, जरा थांबून दोन. तेही तसंच परत आलं. प्रतिध्वनीच. फक्त एक गोष्ट होती. आवाज परत यायला दर वेळी सारखाच वेळ लागायला हवा. इथे कधी लगेच उत्तर यायचं, कधी इतक्या उशिरा की मी उठायला लागायचो. कुणीतरी विचार करून द्यावं तसं.

मामाला सांगावं असं तीनदा मनात आलं. पण तो हसला असता. संध्याकाळी चहाच्या टपरीवर चार मिस्त्र्यांना सांगितलं असतं, आमचा मौनीबाबा माणसांशी बोलत नाही, पण पाइपाशी गप्पा मारतो. मी चिंध्यांचा बोळा करून पाइपाच्या तोंडात कोंबला आणि कामाला लागलो.

४

दुसरं टोक तिसऱ्या दिवशी सापडलं. अडगळीच्या खोलीत मोडक्या कपाटाखाली एक मोठा दगडी चिरा होता. आम्ही दोघांनी पहारीने तो सरकवला. खाली विटांनी बांधलेला खड्डा होता, पुरुषभर खोल आणि कोरडा ठणठणीत. आत दोन पाइपांची तोंडं होती, एक उजवीकडे आणि एक समोर.

"यातली आपली कुठली?" मामा म्हणाला. "एक मोरीची असणार. तू न्हाणीघरातून ठोके दे, मी आत उतरून कान लावतो. सापडली की तिथल्या तिथे विटा आणि सिमेंटने बंद करून टाकतो."

खड्ड्याच्या बाबतीत मामाचे नियम पक्के. त्याच्या उस्तादाने ते शिकवले आणि त्याने मला. आधी दिवा उतरवायचा, मग माणूस. छातीला दोर बांधायचा. आणि आतला माणूस पडला तर बाहेरच्याने कधी आत उतरायचं नाही, कारण वाचवायला उतरलेला आधी मरतो.

उस्तादाकडे कंदील असायचा. आमच्याकडे बॅटरीचा दिवा आहे. मामाने तो सुतळीने खाली सोडला. पांढराशुभ्र उजेड पडला. "बघ, कसा झकास जळतोय," मामा म्हणाला. मीही मान डोलावली. कंदिलाला हवा लागते आणि बॅटरीला लागत नाही, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मामा पंधरा वर्षं तो नियम पाळतोय, आणि बॅटरी घेतल्यापासून, म्हणजे निदान पाच वर्षं तरी, तो नियम उरलाच नव्हता.

त्याने दोर छातीला बांधला, दुसरं टोक खिडकीच्या गजाला. घमेलं, विटा, थापी आत घेतली. "दर थोड्या वेळाने दोन ठोके देत जा. माझं उत्तर आलं नाही तर पळत ये," तो म्हणाला. आणि धूळ स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून अडगळीच्या खोलीचं दार ओढून घ्यायला सांगितलं.

त्या दोन काळ्या तोंडांकडे बघून मला ते उशिरा येणारे ठोके आठवले. मी तोंड उघडलंही. मग दार ओढून घेतलं.

५

न्हाणीघरात येऊन मी बोळा काढला आणि दोन ठोके दिले.

टक, टक... टिक.

मामा. लाइन सापडली होती. मी नव्या पाइपावर पाणसळ ठेवून ढाळ बघू लागलो. काम चालू होतं, हात सवयीने चालत होते. थोड्या वेळाने पुन्हा दोन ठोके दिले. टक, टक... टिक. मी पाइपाखाली विटेचे तुकडे सारून तो टेकवला. पुन्हा दोन ठोके. दोन आले. सांध्याला सोल्यूशन लावलं, बेंड बसवला, धरून ठेवला. दोन दिले, दोन आले. शेजारच्या खोलीत काकांचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता. पुन्हा दोन दिले, दोन आले.

काहीतरी कमी होतं.

एखादा सवयीचा जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं वाटलं. मी पुन्हा दोन ठोके दिले आणि पाइपाच्या तोंडाशी वाकून ऐकलं. टक, टक. मग काहीच नाही. शेपूट नव्हतं.

मी स्वतःची समजूत घातली. त्याचा उजवा हात सिमेंटने भरला असेल, डाव्याने वाजवत असेल. पाना नसेल, वीट असेल. विटेला कुठलं शेपूट. पण आवाज लोखंडावर लोखंडाचाही नव्हता आणि विटेचाही नव्हता. दार ठोठावताना आपण बोट दुमडून पेराने वाजवतो ना, तसा होता. आणि पेराचा आवाज तीन खोल्या ओलांडून येत नाही. तो जवळून येतो.

मी तीन ठोके दिले. थांब. तीन ऐकले की मामा काम टाकून आधी शिवी घालतो. तीन ठोके परत आले.

मग मी पुन्हा पाना उचलला. तो पाइपाला लागायच्या आधीच, माझा हात वरच होता, तेव्हा खालून दोन ठोके आले.

मी न विचारता, 'आहे मी'.

६

बोळात माझा खांदा भिंतीला घासला, स्वयंपाकघरात स्टूल पडलं. अडगळीचं दार फुगलेलं होतं, मघाशी मीच ते घट्ट ओढलं होतं. ते उघडेना. तेव्हा माझ्या घशातून आवाज निघाला. "मामा." इतका मोठा की मलाच तो ओळखू आला नाही. तिसऱ्या धक्क्याला दार उघडलं.

खड्ड्यात दिवा झकास जळत होता. मामा भिंतीला पाठ लावून खाली घसरला होता, हनुवटी छातीवर. दोन्ही हात मांड्यांवर उताणे पडले होते. पाना त्याच्या पायापासून हातभर लांब होता.

आणि समोरच्या पाइपातून, अर्ध्याच रचलेल्या विटांमागून आवाज आला. टक, टक.

माझा एक पाय आत गेला होता. खरंच गेला होता. मग मामाचाच आवाज कानात आला, वाचवायला उतरलेला आधी मरतो. मी पाय मागे घेतला आणि दोर धरला. मामा माझ्या दीडपट. वीतभर वर यायचा आणि दोर हातातून सरकायचा.

मागे चाकं करकरली. काका दारात होते. त्यांनी आत एकदा पाहिलं आणि खुर्ची अडगळीतून रेटत खड्ड्याशी आणली.

"तुझी हाक ऐकताच फोन केलाय पोरीला, गाडी येतेय. दोर इकडे दे. माझ्या खुर्चीच्या दांड्याला एक वेढा घाल." त्यांनी दोन्ही चाकांचे ब्रेक लावले. "तू ओढ, मी सैल पडलेला दोर धरतो. एकदम नाही. मी सांगेन तसं. चल." मी ओढलं. "थांब." त्यांनी दोर ताणून धरला. "चल. थांब." आवाज अगदी शांत होता, गर्दीच्या बसमध्ये म्हातारी उतरत असावी तसा.

मामा वर येऊ लागला. त्याचा खांदा सुतळीला लागला, दिवा हलला आणि उजेड समोरच्या पाइपाच्या तोंडावरून फिरला.

मी जे पाहिलं ते तेवढंच आहे. विटांच्या वर, पाइपाच्या काठाशी काहीतरी फिकट आणि गोल होतं. दुमडलेल्या बोटाच्या पेरासारखं, पण पेराएवढं लहान नाही. ते ओलं होतं. उजेड पडला तसं ते घाईने नाही, तर सावकाश आत सरकलं. दिवा झोके खात होता, माझ्या डोळ्यांत घाम होता. मी हे सगळं स्वतःला सांगितलं आहे.

"तिकडे काय बघतोस," काका म्हणाले. "चल."

आम्ही मामाला काठावर ओढलं, मग मागच्या दाराने मी त्याला काखेत धरून फरफटत अंगणात आणलं. ऊन लख्ख होतं. त्याचे ओठ निळे होते. मी त्याला हाका मारत राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. मग त्याच्या घशात काहीतरी खरखरलं, तो कुशीवर वळला, ओकला, आणि मला एक शिवी घातली.

इतकी चांगली शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

७

काकांच्या मुलीनेच त्याला इस्पितळात दाखल करून घेतलं. बंद खड्ड्यातली हवा मेलेली असते, असं ती म्हणाली. वास नसतो, काही कळत नाही, माणूस बसतो आणि झोपतो. आणखी दोन-तीन मिनिटं गेली असती तर हिशोब वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी मामा उशीला टेकून बसला होता. "तुला कसं कळलं रे?" त्याने विचारलं. "मी दोनदाच वाजवलं. मग हात जड झाले ते झालेच."

"मला नंतर सहा-सात वेळा उत्तर आलं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी खाली वाकलो नाही, तिथे शोधायला पानाही नव्हता. मी पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. दुकानातून आणलेले बेंड, उशिरा येणारे ठोके, नसलेलं शेपूट, आणि विटांवरचं ते. आयुष्यात एका दमात मी इतकं कधी बोललो नव्हतो.

मामाने वाकडं मनगट चोळलं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू हसला असतास."

"हसलो असतो," तो म्हणाला. "पण उतरलो नसतो."

मग त्याने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दोन्ही टोकं बुजव. वरून. आत कुणी उतरायचं नाही."

८

जुन्या न्हाणीघराच्या फोडलेल्या फरशा, विटा, राबीट, जे निघालं होतं ते सगळं मी आणि दोन गवंड्यांनी वरूनच खड्ड्यात ओतलं. काठापर्यंत भरून त्यावर सिमेंट ओतलं आणि चिरा बसवला.

न्हाणीघरातलं टोक मी स्वतः बुजवणार होतो. मामाला घरी सोडलं होतं, पण तो घरात बसणारा नव्हे. तो शेजारच्या खोलीत काकांसमोर खुर्ची टाकून बसला होता. एका प्रवाशाने बसमध्ये बकरी कशी चढवली, ती गोष्ट काका सांगत होते. मामा खोकत खोकत हसत होता.

मी घमेल्यात सिमेंटचा माल कालवला. दट्ट्या पुन्हा बसवायला पाइपावर वाकलो.

आतून आवाज आला. टक, टक... टिक.

भिंतीपलीकडे मामा हसत होता. काका म्हणाले, "मग मी बकरीला अर्धं तिकीट लावलं," आणि तो आणखी मोठ्याने हसला. इथे, माझ्या हाताखाली, गार लोखंडात, पुन्हा एकदा. टक, टक... टिक. अगदी बरोबर. त्याच्या मोडक्या मनगटासकट.

मी उत्तर दिलं नाही. दट्ट्या ठोकला, चारही पाचरी मारल्या, त्यावर माल ओतला आणि थापीने सपाट केला. मग आणखी एक घमेलं ओतलं. काम नीट झालं. त्यावर आता फरशी आहे.

शेवटच्या दिवशी नव्या लाइनला पाणी सोडून बघायचं होतं. मामा अंगणातल्या चेंबरवर बसला, उन्हात. मी कमोडपाशी बादली घेऊन उभा राहिलो. माझा हात सवयीने पान्याकडे गेला.

"सोड रे मौनीबाबा," बाहेरून हाक आली.

"सोडलं," मी ओरडलो.

"आलं. गळत नाही कुठे. आणि हळू बोल, मी बहिरा नाही झालो."

संध्याकाळी काकांची मुलगी आली. काकांनी खुर्ची फिरवली, नव्या दारातून आत गेले, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. ती बाहेर रिकाम्या हातांनी उभी राहिली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. मग तिने ते पदराला पुसले.

त्यानंतर आम्ही पाइपावर ठोके देत नाही. मामाने असं ठरवलं म्हणून सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. नुसतं बंद झालं. आता मी हाक मारतो. न्हाणीघरातून, गच्चीवरून, लोकांच्या देखत. गिऱ्हाइकं बघतात. बघू देत.

"मामा," मी ओरडतो.

"आहे रे मी," तो म्हणतो. "कुठे जातोय."